तपासलेला काटा

पुण्यात पिस्तूल-रायफलची नेमबाजी करणारी माणसं पुष्कळ आहेत. पण झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणारी आणि त्यासाठीचे सगळे कागद रीतसर बाळगणारी माणसं चाळीसच्या आसपासच असतील. काम सांगायला सोपं आहे. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, तिला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत तोलून बारुदाची पावडर घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. त्याला एक हातानं चालवायचा प्रेस लागतो, काही साचे लागतात आणि पावडर तोलायला काटा लागतो. हे सामान इथे दुकानात सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे एकाचं दुसऱ्याकडे जात राहतं. कुणी खेळ सोडतो, कुणी गाव सोडतो, कुणी जग सोडतो.

या चाळिसांत कुणाला काही विकायचं झालं की सामान आधी सहकारनगरात श्यामराव केतकरांकडे जाई. विकणाऱ्यानं भाव सांगायचा नाही आणि घेणाऱ्यानं विचारायचा नाही. श्यामराव दोन-तीन दिवस सामान ठेवून घेत, खोलत, पुसत, मोजत आणि मग खोक्याच्या झाकणाला एक चिठ्ठी टाचत. चिठ्ठीत प्रत्येक वस्तूचे दोष एकेका ओळीत लिहिलेले असत, खाली भाव आणि त्याखाली 'तपासले' लिहून सही. घेणाऱ्याला पटलं तर त्यानं तेवढे पैसे द्यायचे, नाही पटलं तर चिठ्ठी घडी करून परत ठेवायची आणि चहा पिऊन जायचं. अकरा वर्षांत चिठ्ठी दोनदाच परत आली होती. श्यामराव स्वतः यात एक पैसा घेत नसत.

"योग्य भाव म्हणजे नेमका कुठला हो?" असं एकदा कुणीतरी विचारलं होतं.

"ज्या भावाला मी आज घेईन आणि उद्या त्याच भावाला विकताना मान खाली घालावी लागणार नाही, तो," श्यामराव म्हणाले होते. "तुम्हाला वेगळा माहीत असेल तर सांगा. मला चिठ्ठ्या लिहायचा कंटाळा आलाच आहे."

कंटाळा अजिबात आला नव्हता. पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मापं तपासण्याच्या खोलीत काढली होती. तिथून निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली. कारखान्यात त्यांची सही असल्याशिवाय एकही माप खाली शॉपफ्लोअरवर जात नसे. घरी आल्यावर तसा मान त्यांना फक्त या चिठ्ठ्यांनी दिला होता.

फेब्रुवारीत आनंद वैशंपायन तीन खोकी घेऊन आला. खराडीला कुठल्याशा कंपनीत होता. त्याचे वडील डिसेंबरात गेले. ते बत्तीस बोअरच्या पिस्तुलाचे जुने नेमबाज होते आणि श्यामरावांचे समवयस्क.

"काका, हे भंगारात देता येत नाही आणि घरात ठेवताही येत नाही," आनंद म्हणाला. "पिस्तूल जमा केलं, कागदांसाठी पोलीस स्टेशनला चार चकरा झाल्या. आता हे कुणा परवानावाल्यालाच द्यायचं आहे. बाबा म्हणायचे, श्यामरावांकडे न्या, दुसऱ्या कुणाला विचारू नका."

"बाबा आणखी काय म्हणायचे?"

"म्हणायचे, ते बोलतील तिरकं, पण चिठ्ठी सरळ लिहितात."

श्यामराव हसले आणि खोकी आत घेतली.

सामान नीटनेटकं होतं, माणूसच तसा होता. प्रेसच्या हँडलचा पिन झिजला होता, तो बदलला. साचे तीन होते, त्यातला एक गंजलेला निघाला, तो हिशेबात धरला नाही. राहिला काटा. एका दांडीचा, दांडीवर जाड मापासाठी एक मोठं आणि बारीक मापासाठी एक छोटं सरकतं वजन असलेला. श्यामरावांनी आपला मखमलीचा डबा काढला. त्यात त्यांची स्वतःची पितळी वजनं होती. काही जाड, गोट्यांसारखी, तर काही पत्र्याची, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ही वजनं बोटानं उचलायची नाहीत, चिमट्यानंच उचलायची. जाड वजनांना काटा बरोबर उतरला. पत्र्याच्या वजनांना मात्र तो कमी दाखवत होता.

वैशंपायनांचा काटा कमी दाखवतो याचं त्यांना जरा नवल वाटलं. पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग मनाशी म्हणाले, शेवटची दोन वर्षं आजारात गेली, कोण बघतंय काट्याकडे. त्यांनी छोट्या सरकत्या वजनाच्या पोटातून शिशाचा एक कण कोरून काढला आणि काटा पत्र्याच्या वजनांशी तंतोतंत जुळवून दिला. चिठ्ठीत लिहिलं, 'काटा बारीक मापात कमी दाखवत होता. दुरुस्त केला. तपासले.'

सामान घ्यायला हडपसरची राजनंदिनी हरपळे आली, वडिलांना घेऊन. ती तेवीस वर्षांची. गेल्या वर्षी राज्याच्या संघातली तिची जागा दोन गुणांनी हुकली होती. भीमराव हरपळ्यांचं हडपसरला हार्डवेअरचं दुकान, मागे दोन गोडाऊन. मुलीच्या खेळापायी त्यांनी नेमबाजीतला शब्दन् शब्द पाठ केला होता. त्यातला निम्मा चुकीचा होता.

भीमरावांनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली. "एकोणीस हजार तीनशे. काका, एकोणीस समजलं, ह्ये तीनशे कशाचं?"

"हँडलच्या पिनचे. पावती आत आहे."

"बाबा, चल ना," राजनंदिनी म्हणाली. "घासाघीस करत नाहीत इथे. सांगितलं होतं ना तुला घरी?"

"घासाघीस कोण करतंय? इच्यारलं फक्त. नवं बाहेरनं मागवायचं तर कागदं येईस्तोवर तू म्हातारी व्हायचीस." त्यांनी पैसे मोजले आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात जपून ठेवली. "ही मात्र आमच्याकडंच ऱ्हाणार हां, काका. तुमची सही हाय म्हंजी झालं."

मार्चातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी राजनंदिनीचा फोनवर फोटो आला. लाकडी खाचांच्या ट्रेमध्ये ओळीनं उभी केलेली बत्तीस बोअरची काडतुसं. खाली लिहिलं होतं, 'काका, रविवारच्या सिलेक्शनला ऐंशी तयार. सगळी तुमच्या काट्यावर.' श्यामरावांनी उत्तर धाडलं, 'काटा वैशंपायनांचा. शुभेच्छा.'

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला हेमाताई स्वयंपाकघरात पितळ घेऊन बसल्या होत्या. पाडवा चार दिवसांवर आला होता. ओट्यावर समई, घंटा, ताम्हन, दोन तांबे. पातेल्यात चिंचेचा कोळ होता.

"अहो, तुमचा तो डबाही आणा," त्यांनी हाक मारली. "एकदाच काय ते हात खराब करते."

"कुठला डबा?" श्यामराव पेपर वाचत होते.

"तो हो, मखमलीचा, वजनांचा. दिवाळीच्या आधी केली होती ना मी."

पेपर खाली आला. "काय केली होती?"

"घासली होती. तुमचा डोळा बांधलेला होता तेव्हा. काय ती काळी ठिक्कर पडली होती! म्हटलं घरातलं सगळं पितळ चकचकीत होतंय, तर यांचंच का तसं ठेवायचं. रात्रभर कोळात टाकली आणि सकाळी राखेनं घासली. ती पत्र्याची तर इतकी चिमुरडी, मोरीतून वाहून जातील म्हणून गाळणीत धरून घासली. पाऊण तास गेला माझा." त्यांनी घंटा उलटी करून बघितली. "तुम्ही मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. म्हटलं, दिसलंही नसेल यांना."

श्यामरावांना दिसलं होतं. ऑक्टोबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर सगळं घरच धुऊन काढल्यासारखं दिसू लागलं होतं. भिंती पांढऱ्या, दुधाची पिशवी पांढरी, आपल्याच हातावरचे डाग ठळक. महिन्याभरानं डबा उघडला तेव्हा वजनंही लखलखत होती. इतकी वर्षं आपण किती अंधुक बघत होतो, असं म्हणून त्यांनी नव्या भिंगाचं कौतुक केलं होतं आणि डॉक्टरांना तसा फोनही केला होता.

ते उठले. डबा काढून टेबलावर ठेवला, स्वतःचा छोटा दोन पारड्यांचा तराजू काढला. एका पारड्यात चिमट्यानं एक जाड वजन ठेवलं. दुसऱ्यात पत्र्याची सगळी वजनं एकावर एक रचली. ती सगळी मिळून त्या एका जाड वजनाइतकी भरायला हवीत. वर्षातून एकदा ही पडताळणी करायची, हे ते कारखान्यातल्या प्रत्येक नव्या पोराला शिकवत. घरी आल्यापासून त्यांनी ती केली नव्हती. वजनं कुठे जाणार आहेत, डब्यात तर असतात.

जाड वजनाचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

जाड वजनाला चिंच आणि राख लागून काही फरक पडत नाही. पापुद्र्याला पडतो. त्याला अंगच किती? काळेपणा गेला तो वजनातून गेला आणि राखेनं पितळही गेलं. श्यामरावांनी कागदावर हिशेब मांडला. शंभरातले चौदा ते पंधरा भाग गेले होते. म्हणजे वैशंपायनांचा काटा बरोबर होता. हलकी होती ती श्यामरावांची वजनं. बरोबर असलेला काटा त्यांनी आपल्या हातानं बिघडवला होता आणि खाली सही केली होती. आता तो असेल त्याहून जास्त दाखवत होता, म्हणजे त्यावर तोललेली पावडर कमीच पडणार.

"काय झालं?" हेमाताई दारात उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले. "माझं चुकलं का काही?"

"नाही. तुझं नाही."

"हात लावायचा नसतो का त्यांना?"

"नसतो."

"मग मला कधी सांगितलंत?"

चौतीस वर्षांत साठेक पोरांना त्यांनी ते दरडावून सांगितलं होतं.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. दिवाळीपासून तीन काटे त्यांच्या हातून गेले होते. त्यातले दोन रायफलवाल्यांकडे. त्यांची मापं मोठ्या सरकत्या वजनावर ठरतात, तिथे हा फरक पचतो. तरी त्यांनी दोघांना फोन करून भरणं थांबवायला सांगितलं. दोघेही हसत हसत बरं म्हणाले. तिसरा काटा राजनंदिनीचा होता. पिस्तुलाच्या काडतुसात पावडर चिमूटभरसुद्धा नसते. त्यातली शंभरात पंधरा कमी पडली की काडतूस उडतं, पण गोळी नळीतून बाहेर पडेलच असं नाही. ती मध्ये अडकते. नेमबाजाला काही दिसत नाही, फक्त आवाज बसका येतो. तो ओळखून हात थांबला तर ठीक. नाही थांबला तर पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि ते सगळं तोंडापासून हातभर अंतरावर घडतं.

राजनंदिनीचा फोन बंद होता. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींचाही बंद होता. स्पर्धेच्या दिवशी आत कुणाकडेच फोन नसतो, गेटवरच काढून ठेवतात. भीमरावांनी तिसऱ्या वेळी उचलला.

"बोला काका! आशीर्वाद द्या, साडेधाला पयली फेरी हाय."

"भीमराव, नीट ऐका. राजनंदिनीला ती काडतुसं वापरू देऊ नका."

"कुठली?"

"तिनं भरलेली. पावडर कमी पडली आहे त्यात. काटा चुकीचा आहे."

"हॅ! काका, काटा तुम्ही तपासलेला. चिठ्ठी हाय माझ्याकडं, देव्हाऱ्यात ठेवलीया."

"चिठ्ठी चुकली आहे. मी चुकलो आहे. गोळी नळीत अडकेल. तिला बाहेर बोलवा. कुणाची तरी काडतुसं मागून घ्या, नाहीतर आज खेळू नका म्हणावं."

पलीकडे मागे कुणीतरी मिसळीची ऑर्डर देत होतं.

"बरं बरं. सांगतो मी," भीमराव म्हणाले. "तुम्ही तरास करून घेऊ नका."

त्यांच्या आवाजात जो समजूतदारपणा होता तो श्यामरावांना आवडला नाही. त्यांनी चपला घातल्या. हेमाताईंनी पाण्याची बाटली हातात दिली.

नेमबाजीची रेंज वाघोलीच्या पुढे होती, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. रिक्षा मिळायला नऊ चाळीस झाले. स्वारगेट, कॅम्प, बंडगार्डनचा पूल इथवर ठीक होतं. येरवड्यापासून रिक्षा रांगू लागली.

"रविवारी सकाळी एवढी गर्दी कशी?" श्यामराव म्हणाले.

"लग्नं आहेत, काका. वाघोलीला आज कार्यालयात पाय ठेवायला जागा नसेल," रिक्षावाला म्हणाला. "तुमचंही लग्नच का?"

"नाही."

"मग निवांत बसा की. सारखे पुढं सरकून रिक्षा पुढं जात नसती."

विमाननगरच्या चौकात दहा पंचवीस झाले. श्यामरावांनी पुन्हा फोन लावला. भीमरावांनी लगेच उचलला.

"सांगितलंत?"

"काका, त्ये..."

"भीमराव, सांगितलंत की नाही?"

"खरं सांगू का," भीमरावांनी आवाज खाली आणला. "ती आत गेल्याली. आन् फेरीच्या आधी तासभर आईबापानं पोराशी बोलायचं न्हाई, असं कोचनी बजावलंय. गेल्या साली मी मधी जाऊन पाणी पी, पाणी पी केलं, आन् दोन गुणांनी गेली. समद्यांनी मलाच धरलं. आता मी आत जाऊन 'काडतूस खराब हाय' म्हणालो तर पोरीचं काय हुईल? हात कापाया लागंल तिचा."

"हात राहिला पाहिजे ना कापायला!" श्यामराव ओरडले. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "गेटवर जा. कुणीही अधिकारी दिसेल त्याला सांगा, श्यामराव केतकर सांगतायत, गोळीबाराची लाइन थांबवा. फोन बंद करू नका. चालत राहा."

"जातो, जातो."

फोन चालूच होता. खडीवरची पावलं ऐकू येत होती, भीमरावांचा श्वास ऐकू येत होता. मग गेटवरच्या वॉचमनचा आवाज आला. "आत सोडायची ऑर्डर नाही." भीमराव म्हणाले, "आरं बाबा, अधिकाऱ्याला बोलव." वॉचमन म्हणाला, "फेरी सुटली आता. फेरी संपल्याशिवाय कुणी येत नाही बाहेर. बसा तिकडं."

"त्याला माझ्याशी बोलू द्या," श्यामराव म्हणाले. "भीमराव, त्याच्या कानाला लावा."

भीमराव वॉचमनशी वाद घालत होते. फोन बहुधा त्यांच्या हातात, मांडीपाशी होता. त्यांना काही ऐकू जात नव्हतं. श्यामरावांना मात्र सगळं ऐकू येत होतं. वाद, वारा आणि त्यामागून खाणीच्या भिंतींवर आपटून येणारा पहिला बार.

मग दुसरा, तिसरा, आणि मग एकदम चार-पाच. दहा-बारा जण एका ओळीत उभे असणार. प्रत्येकाला पाच गोळ्या आणि पाच मिनिटं. श्यामरावांनी वीस वर्षं ही स्पर्धा खेळली होती. नीट भरलेल्या काडतुसाचा आवाज आणि कमी भरलेल्याचा आवाज यातला फरक ते झोपेतही सांगू शकले असते. आता ते दुसरा कान बोटानं बंद करून ऐकत होते. बार, बार, बार. मध्येच एक बसका, जाड उशीवर काठी मारल्यासारखा. तो तिचा होता का? की भीमरावांच्या कपड्यांना फोन घासला?

"भीमराव!" ते ओरडले. "थांबवा! भीमराव!"

"काका, मी इथंच आहे, माझ्यावर काय ओरडता?" रिक्षावाला म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं. खराडी बायपासच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला होता, तरी पुढची बस हलत नव्हती. तो हॉर्नवर हात ठेवून बसला.

फोनमध्ये आणखी बार झाले. श्यामराव मोजत होते, तरी मोजून उपयोग नव्हता. कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. मग एक आवाज आला तो बार नव्हता. कोरडा, तुटका, लोखंड आपटल्यासारखा. त्यानंतर शिट्टी, लांबलचक. मग सगळे आवाज एकदम थांबले.

"काय झालं?" श्यामराव म्हणाले. "भीमराव, काय झालं?"

खडीवर धावणारी पावलं ऐकू आली आणि फोन कट झाला.

पुढचे साडेआठ किलोमीटर रिक्षेला बेचाळीस मिनिटं लागली. भीमरावांनी फोन उचलला नाही. वाघोलीत एका मिरवणुकीनं रस्ता अडवला होता. रिक्षावाल्यानं खाली उतरून बँडवाल्यांशी भांडण केलं आणि कडेनं वाट काढली. पैसे घेताना म्हणाला, "माणूस दवाखान्यात आहे का, काका?" श्यामराव म्हणाले, "माहीत नाही."

गेट उघडं होतं. आता कुणीच अडवलं नाही. डाव्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली बाकावर राजनंदिनी बसली होती. उजव्या हाताला मनगटापासून जाड बँडेज, त्यातून तांबडं उमटलेलं. खेळायचा चष्मा शेजारी ठेवलेला होता. त्याच्या उजव्या काचेवर आडवा चरा होता. एक डॉक्टर तिच्याशी बोलत होते. टेबलावर कापड पसरून त्यावर पिस्तूल ठेवलं होतं. नळी मधोमध फुगली होती आणि वरचा भाग फाटून उघडला होता.

"डोळा वाचला," डॉक्टर श्यामरावांना म्हणाले, ते घरचेच असावेत अशा समजुतीनं. "अंगठ्याच्या बेचक्यात खोलवर गेलंय. अंगठा वाकत नाहीये. स्नायूची दोरी तुटली असेल तर ऑपरेशन लागेल. गाडी येतेय."

"पुन्हा खेळता येईल?"

"ते आता कसं सांगू?"

श्यामराव तिच्यासमोर उभे राहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडत नव्हती.

"काका, तुम्ही कसे आलात?"

"राजनंदिनी, काटा चुकीचा होता. माझी वजनं झिजली होती. मला आज सकाळी कळलं." सगळं एका दमात म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं.

तिनं बँडेजचा हात मांडीवर घेतला.

"काल सरावाला दोन बार बसके आले होते," ती हळूच म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं, पावडर कमी आहे. पेटीतली चार काडतुसं फोडून पुन्हा तोलली सुद्धा. काट्यावर बरोबर भरली. मग म्हटलं, कानातले बोळेच घट्ट बसले असतील. आत्ताही आवाज आला तसाच. मी थांबले होते, काका. बोट काढलं होतं ट्रिगरवरनं. मग म्हटलं, नाही, काटा तपासलेला आहे. शेजारच्याचा बार असेल."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कसं झालं ते सांगितलं, एवढंच.

शेडच्या टोकाला भीमराव फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज खाणीभर घुमत होता. "तुमच्या बानं असला काटा ठेवला आन् तुम्ही आमच्या गळ्यात मारला! माज्या पोरीचा हात गेला, कळतंय का? काकांनासुदिक फसवलं तुम्ही!"

श्यामराव त्यांच्याकडे धावले. "भीमराव, कुणाशी बोलताय? आनंदशी? ठेवा तो. त्याचा काही दोष नाही. त्याच्या वडलांचा काटा बरोबर होता. मी बिघडवला."

भीमरावांनी फोनवर हात ठेवला. त्यांचे डोळे लाल झाले होते. "काका, तुम्ही बसा बगू."

"मी सांगतोय ना तुम्हाला! सकाळीही सांगितलं. माझी वजनं—"

"तुम्ही एवढ्या लांबनं उनाचं आला. तुमचा जीव कळवळतोय, मला कळतंय. पन कुणाचंबी पाप आपल्या अंगावर घेऊ नका." त्यांनी श्यामरावांना दंडाला धरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, अगदी हलक्या हातानं. बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या हातात दिली. मग पुन्हा फोन कानाला लावून ते लांब गेले. "हां, काय म्हणत हुता? तपासला हुता? आवो, वरनं तपासून आतली खोट दिसती का?"

श्यामराव उठले. पुन्हा त्यांच्या मागे गेले. भीमरावांनी त्यांच्याकडे पाठ केली.

गाडी आली. डॉक्टरांनी राजनंदिनीला पुढे बसवलं. बसताना तिनं एकदा मागे वळून श्यामरावांकडे पाहिलं. तिला पटलं होतं, हे त्यांना दिसलं. तिनं वडिलांना काही सांगितलं नाही. भीमराव मागच्या सीटवर शिरले, दार लावता लावताही बोलतच होते.

धूळ खाली बसल्यावर श्यामरावांनी आनंदला फोन लावला.

"काका, मी तुम्हालाच लावत होतो," आनंद घाबऱ्या आवाजात म्हणाला. "त्या मुलीचं कसं आहे? मला काय करावं तेच कळत नाहीये. बाबांनी शेवटी शेवटी काट्याकडे लक्षच दिलं नसणार. मी आधी बोलायला हवं होतं."

"आनंद, तुझ्या बाबांचा काटा बरोबर होता. अगदी बरोबर. मी तो बिघडवला. माझी वजनं हलकी झाली होती, ती मी पडताळली नाहीत."

"असं नका म्हणू, काका. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंच होतं, कमी दाखवत होता म्हणून. तुम्ही सावध केलं होतं सगळ्यांना."

"ते लिहिलेलंच चूक आहे."

"तुम्ही मोठे आहात म्हणून स्वतःवर घेताय," आनंद म्हणाला. "मी हॉस्पिटलला जातो. खर्च मी करतो. तुम्ही घरी जा, काका. प्लीज."

श्यामराव आणखी बोलत राहिले. पडताळणी कशी करतात, पत्र्याचं वजन किती पातळ असतं, पारडं कुठल्या बाजूला गेलं, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. आनंद मधूनमधून "हो काका, हो," म्हणत होता. पाठीमागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

शेडखाली कुणीतरी टेबलावरचं पिस्तूल कापडासकट उचलून नेलं. आत ध्वनिक्षेपक खरखरला आणि दुसऱ्या फेरीच्या खेळाडूंची नावं वाचली जाऊ लागली. नवी पोरं पेट्या घेऊन श्यामरावांच्या बाजूनं आत गेली. त्यांतल्या दोघांनी त्यांना ओळखून वाकून नमस्कार केला.